ठकू लोहारीण आणि पणजोबांचं हत्यार

एक होती लोहारीण, आणि तिच्या गावात एक होता राजा. हो, लोहारीण आधी. गोष्ट तिची आहे, राजाची नाही. तिचं नाव ठकू. नवरा वारला तरी तिने भाता बंद पडू दिला नाही. घण स्वतः मारायची आणि कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

एकदा काय झालं, दसरा जवळ आला म्हणून राजाने जुनं शस्त्रागार झाडून घेतलं. तर पणजोबांच्या पेटीत एक अजब वस्तू सापडली. लोखंडाची दांडी, खाली चार वाकडे आकडे, वर एक कडी. हे आहे तरी काय? मग तीन पंडित आले. पहिला म्हणाला, हा वाघपंजा, शत्रूच्या छातीवर मारायचा. दुसरा म्हणाला, हा हत्तीचा अंकुश. तिसरा म्हणाला, छे, हे तटावर फेकायचं आणि दोराने किल्ला चढायचा. राजाला तिसऱ्याचं पटलं. पटणारच! पणजोबांनी किल्ले जिंकले हे ऐकायला कुणाला नको असतं? मग राजाने ठरवलं, येत्या दसऱ्याला याच हत्याराने शेजारचा किल्ला घ्यायचा. आणि हत्यार गेलं ठकूकडे, धार लावायला.

ठकूने ते उलटंसुलटं केलं. कडीतून बोट फिरवलं.

"धार लावणार न्हाई," ती म्हणाली.

मग राजाने सोन्याचं कडं पाठवलं. ठकूने आल्या पावली परत केलं. मग शिपाई आले आणि तिची ऐरण उचलून घेऊन गेले. तरी ठकू हटली नाही. मग राजा स्वतः आला आणि त्याने तिच्या भट्टीत घागरभर पाणी ओतलं. लोहाराची भट्टी विझवायची म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढायचा, बरं का. ठकूला रडू आलं. पण ती रडतरडतच भांडली.

"महाराज, ही कडी बघा, आतून कशी झिजलीय. हजारदा दोर घासल्याबिगर लोखंड असं झिजत न्हाई. किल्ला कुणी हजारदा चढतं व्हय? आन् ही टोकं मुद्दाम बोथट केल्यात, घागरीला भोक पडू नये म्हणून."

"घागरीला?" राजा म्हणाला.

"चला हिरीवर!"

अख्खा गाव मागोमाग निघाला. ठकूने कडीला दोर बांधला, तो चार आकड्यांचा गळ वाड्याच्या विहिरीत सोडला, तळाशी फिरवला आणि ओढला. वर आला पोहरा. पुन्हा सोडला. वर आली तांब्याची घागर. तिसऱ्यांदा वर आली राणीची चांदीची कळशी. त्या कळशीपायी एका गरीब दासीला चोर ठरवून हाकललं होतं, बरं का! दासी गर्दीतच होती. ती पुढे झाली आणि सगळ्यांदेखत राजाकडे बघत उभी राहिली.

राजाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आमचे पणजोबा लोकांची भांडी काढत हिंडायचे?"

"व्हय, दारोदार," ठकू म्हणाली. "एका हिरीत हजारदा भांडी पडतात व्हय? तुम्हाला लाज वाटत असंल तर गळ मला द्या. मी मानानं माझ्या भट्टीवर टांगते."

राजाने गळाच्या झिजलेल्या कडीतून बोट फिरवलं. मग त्याने दासीची माफी मागितली. ऐरण परत आणवली. वाड्याच्या चुलीतले निखारे स्वतः आणले आणि ठकूची भट्टी पेटवली.

मग दसरा आला. राजा शेजारच्या किल्ल्यावर निघाला खरा. सोबत फौज नाही, फक्त ठकू. तिकडच्या लोकांनी घाबरून दरवाजा लावला, तटावर दगड गोळा केले. राजाने खांद्यावरचा गळ उंच धरला आणि ओरडला, "विहिरीत कुणाचं काही पडलंय का हो?"

तटावरची माणसं वाकून बघू लागली. मग तटावरून एक म्हातारी ओरडली, "माझी कळशी!" आणि दरवाजा उघडला.

मग काय, तिकडची भांडी वर आली, इकडची माणसं धडधाकट घरी आली, आणि दोन्ही गावं सुखाने नांदली. आता मिटा डोळे. राजा सांगतो म्हणून नाही, मी सांगते म्हणून.