टेकडीवरचा हापसा

"मग काय म्हणणं आहे तुमचं बाबा, नकाशा खोटं बोलतो?"

भागवतच्या आवाजाला धार होती. फकीर चांदशाबाबा आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, ओट्यावर बसून फाटकी गोधडी शिवत होते. त्यांनी मान काही वर केली नाही. सुई-दोरा तेवढा त्याच्यापुढे धरला.

त्यानं ओवून दिला. लहान होता तेव्हापासून दर गुरुवारी देत आला होता.

आता तो मोठ्या कामावर लागला होता. तालुक्यातल्या एकेका हापशाची जागा फोनात नोंदवायची आणि त्या जागेवरून नकाशात तो कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात येतो, ते पुढं लिहायचं. म्हणजे हापसा बिघडला की अर्ज नेमका त्याच दारात जावा. चारशे हापसे झाले होते, चूक म्हणून नाही. यादी दोन दिवसांत पक्की व्हायची, आणि बाबांनी निरोप धाडला होता, गोसाव्याच्या वाडीचा हापसा परत बघ.

तो संक्रांतीपासून बंद. वाडीतल्या म्हाताऱ्या गजराबाईनं दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा तो भागवतच्या कच्च्या यादीप्रमाणे टेकडीपलीकडच्या आमदाराच्या कचेरीत गेला आणि ही वाडी आमची नव्हे म्हणून माघारी आला.

"फोन कुठं धरला होतास?" बाबांनी विचारलं.

"टेकडीवर. वाडीत रेंज नसते, आणि रेंजशिवाय नोंद होत नाही. असं कितीसं अंतर आहे?"

"असं... म्हणजे हापसा टेकडी चढला, हद्द ओलांडून पलीकडच्या आमदाराकडं गेला. बरं झालं. पायानं अधूच होता बिचारा."

भागवत हसला नाही.

बाबांनी तांब्या पुढं केला. "तहान लागलीय, बाळा."

भागवतनं पिशवीतली बाटली काढली. बाबांनी मान हलवली.

"ते नको. तुझ्या टेकडीवरच्या हापशाचं आण."

...

तो तणतणतच वर गेला. वर काय होतं? एक काळा धोंडा, ज्यावर बसून त्यानं नोंद केली होती. आणि शेरडांच्या लेंड्या.

खाली ओढ्याकडून गजराबाई येत होती. डोक्यावर हंडा. दहा पावलं चालायची, थांबायची. पुन्हा दहा पावलं.

भागवत उतरून तिच्यापाशी गेला. तू कोण, कुणाचा, काही विचारलं नाही तिनं. हातातला रिकामा तांब्या बघितला, हंडा उतरवला आणि तांब्या काठोकाठ भरून दिला. वर म्हणाली, किती घामेजलास रे लेकरा.

दिवस कलताना तो तकियात परतला. बाबा अर्धं पाणी प्यायले, उरलेलं त्याच्यापुढं धरलं. त्यानं तांब्या घेतला, पण न पिताच खाली ठेवला.

"उद्या हापशापाशीच उभा राहतो," तो हळूच म्हणाला. "पण रेंज कधी येईल, काही भरवसा नाही, बाबा. अख्खा दिवस जाईल."

"जाईल."

बाबांनी त्याच्या पिशवीतली बाटली काढून आपल्या गोधडीखाली ठेवली.

"तहान लागेल... लागू दे."