रिकामी सम

धरणाची भिंत कोसळली आणि कामावरची माणसं तिच्याखाली गाडली गेली. पावसाळ्याआधी भिंत उभी करा, म्हणून घाई केली होती महाराजांनीच. आता त्यांनी दवंडी पिटवली, "मेलेल्यांसाठी कुणी एक थाप जरी वाजवली, तर हात तोडीन."

दरबारी पखवाजी रुद्राजी गुरवाचा सख्खा भाऊ त्याच भिंतीखाली होता. नवनवं काही बांधून घ्यायची रुद्राजीला भारी हौस. त्यानं आपले गुरू सदूबुवा यांच्याकडून आजवर कुणी न ऐकलेली एक रचना बांधून घेतली आणि दसऱ्याच्या दरबारात वाजवायला बसला. बोल उसळत यायचे, पण आवर्तन जिथं येऊन पडतं, त्या समेवर त्याचा हात हवेतच थांबायचा. महाराज तालाचे मोठे जाणकार. सवयीनं दर समेला त्यांची मान झुकायची आणि त्यांच्यामागं अख्ख्या दरबाराची.

वादन संपलं. महाराजांनी विचारलं, "सम रिकामी का ठेवलीस?"

"ती जागा भिंतीखालच्या माणसांची, सरकार."

"हुकूम मोडलास! हात पुढं कर."

रुद्राजीनं दोन्ही हात पुढं केले. "त्यांच्यासाठी मी एकही थाप मारली नाही, सरकार. त्यांच्यापुढं मान झुकवलीत, ती आपण."

हात वाचले. पण पुढं कुणीही वाजवो, सम आली की महाराज मान ताठ धरून बसत.