चांद्या-कोशाची उलटी चाल

"पाठ! त्या बैलांनी आम्हाला पाठ दाखवली!" महाराज पालखीतून ओरडले.

झालं होतं एवढंच. दसऱ्याचं सोनं लुटून पालखी सटवाजी माळ्याच्या मळ्याकडेनं चालली होती, आणि बांधावर चरणारे चांद्या नि कोशा शेपटी उडवत वळून गेले. बैलच ते! त्यांना पालखीपेक्षा गवताचं कौतुक. पण त्या राज्याचा कायदाच खुळा. जो कुणी महाराजांना पाठ दाखवील, तो सरकारी दावणीला बांधला जाईल! मोठमोठे सरदारसुद्धा दरबारातून उलटे चालत, उंबऱ्याला ठेचकाळत बाहेर पडायचे. कधी कुणी आपटायचाही. पण बोलणार कोण?

"उद्या जोडी दरबारात आणा," कारभारी म्हणाला. "महाराजांकडं तोंड ठेवून दाराबाहेर गेली, तर तुमची. नाहीतर सरकारची!"

सटवाजी बांधावर बसून रडायलाच लागला. पाऊस सरलेला, आश्विनाचं ऊन चटकत होतं. मिरची फुलावर, वांगी धरलेली, दिवाळीचा झेंडू कळीला आलेला. बैल गेले तर विहिरीवरची मोट ओढणार कोण? चार दिवसांत मळ्याचा पाचोळा!

"आबा, रडताय कशाला?" त्याची लेक हौसा म्हणाली. मोट तीच हाकायची. "मी नेते जोडी. जू नि दावं तेवढं द्या."

"अगं, पण दरबारात विहीर कुठंय?"

"विहीर नसली म्हणून काय झालं? गळा आहे की माझा!"

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या चौकात ही गर्दी! महाराज गादीवर, समोर बैल, मागं दरवाजा. आधी शिपायांनी जोर लावून पाहिला. चौघांनी दोन्ही बाजूंनी शिंगं धरून रेटलं. कोशानं नुसती मान झटकली, तर दोघं धुळीत.

कारभारी खिदळला. "बैल कधी मागं चालतो होय? पोरी, घरी जा आणि चूल फुंक!"

"फुंकते की. आधी बैल तर घरी नेऊ द्या!"

हौसानं दोघांच्या मानेवर जू ठेवलं, महाराजांकडं तोंड करून जोडीच्या बाजूला उभी राहिली आणि खड्या आवाजात मोटेवरचं गाणं धरलं:

"मागं सर रं चांद्या, मागं सर रं कोशा,
तहानल्या मिरचीला तुझ्यावरच आशा!"

आणि काय सांगावं! बैल सरसर मागं सरकायला लागले. रोजचंच काम त्यांचं! भरली मोट ओढत उतारानं पुढं जायचं, आणि ती रिकामी झाली की त्याच वाटेनं उलटं विहिरीपर्यंत यायचं. दिवसातून शंभरदा. शेपट्या दाराबाहेर गेल्या, जू गेलं, शिंगंही गेली. तोंड मात्र महाराजांकडंच!

"वाहवा!" सरदार ओरडले. कारभाऱ्याचं तोंड कडू कारल्यासारखं झालं.

पण बैलांचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता. मागं येऊन झालं, म्हणजे मोट भरली. आता ओढायची! दोघांनी माना खाली घातल्या आणि जे धावत सुटले, ते थेट गादीकडं!

"अरे, धरा! अरे, आवरा!" महाराजांनी टुणकन उडी मारली, गर्रकन वळले आणि धोतर सावरत आतल्या दाराकडं पळत सुटले. एक जोडा इथं, एक तिथं!

"हो, हो, हो!" हौसानं आवाज दिला. बैल जागच्या जागी थांबले. गादीपासून हातभर अंतरावर!

खांबाआडून महाराजांचा नुसता फेटा दिसत होता.

हौसानं हात जोडले. "महाराज, माझे बैल दाराबाहेर गेले, तुमच्याकडं तोंड ठेवून गेले. पाठ त्यांनी दाखवली का?"

"न... नाही."

"मग आत्ता कुणी कुणाला दाखवली, ते साऱ्या दरबारानं पाहिलं. कायदा म्हणतो, पाठ दाखवील तो दावणीला! दावं मी घरूनच आणलंय, महाराज. सांगा, कुणाला बांधू?"

खांबाआडचा फेटा हलला, डुलला आणि सुटून खालीच पडला! महाराज पोट धरून हसत बाहेर आले. हसता हसता खोकला लागला, तरी थांबेनात.

"नको गं बाई, मला नको बांधू! तो कायदाच बांध त्या दाव्याला आणि ने तुझ्या विहिरीत बुडवायला!"

हौसाला कोऱ्या कातड्याची मोट आणि चांद्या-कोशाला पितळी घुंगरांच्या माळा मिळाल्या. जोडी घराकडं निघाली ती साऱ्या दरबाराला पाठ दाखवत, शेपट्या उडवत. दारातून जाता जाता कोशानं कारभाऱ्याच्या नव्या जोड्यावर हा एवढा शेणाचा पो टाकला, आणि महाराज पुन्हा खो खो हसत सुटले!