ढमढेऱ्यांचा नमस्कार

समाजमंदिरातला ज्युदोचा वर्ग बंद करायला अध्यक्ष ढमढेरे स्वतः आले. मिशीला पीळ देत म्हणाले, "मी आजवर कुणापुढे वाकलेलो नाही. मला कुणी वाकवून दाखवलं, तरच वर्ग चालू राहील!"

पोरं आणि त्यांचे सर खाली बघू लागले. त्यांच्यातली किडकिडीत गार्गी मात्र गादीवर जाऊन कमरेतून वाकली आणि थांबली.

"आता काय?" ढमढेरे गुरगुरले.

"समोरच्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय ज्युदोची कुस्ती सुरू होत नाही, साहेब."

"एवढंच ना?" चपला काढून ढमढेरे गादीवर चढले आणि चांगले कमरेतून वाकले.

गार्गी शांतपणे वळली. "सर, उद्या वर्ग नेहमीच्याच वेळेला ना?"