तीन आसनं आणि एक विडा

सांगतो, पण हुंकार द्यायचा. एकाचीही जांभई दिसली तर उठून जाईन. कितीदा तेच सांगायचं? माझा घसा काय भाड्यानं आणलाय?

तर एका राज्यात राजाचा दगड झाला होता. केला तिघा जादूगार सेनापतींनी, आणि मग तिघं मिळून राज्य करीत बसले. बसले म्हणजे बसलेच. आसनावरून बूड उचललं की जादू सरायची, म्हणून सात वर्षं जेवण तिथंच, झोप तिथंच. सीमेवर लढाई चालूच. माणसं जायची, परतायची नाहीत.

दरबारच्या पहाऱ्यावर सटवोजी नाईक होता. त्याचा धाकटा भाऊ मानाजी सीमेवर, पहिल्या फळीत. एके सकाळी तटावर भारद्वाज पक्षी येऊन बसला नि बोलला, "नाईक, उद्या पहिली फळी मरायला सोडणार."

"उपाय?"

"हत्यारांचं कोठार उघड, नगारा गप्प कर, तिघांना आसनावरून उठव."

कोठाराला जिवंत सापाचं कुलूप होतं. त्याला दूध पाजलं, ते सुटलं. बंडाची चाहूल लागली की नगारा आपला आपण वाजायचा. त्यावर ओलं घोंगडं टाकलं. मग दोनशे गडी घेऊन सटवोजी भरदुपारी दरबारात शिरला. तिघं जेवून पेंगत होते. थोरल्याच्या मानेपासून तलवार हातभर राहिली.

तेवढ्यात चौघं खांदेकरी रणातला मुडदा घेऊन दरबारात आले. कुणाचा लेक, देव जाणे. त्या राज्याची रीत अशी, की लढाईत पडलेला गडी समोरून जाताना शिपायानं हत्यार भुईला टेकवायचं. दोनशे तलवारी खाली गेल्या. सटवोजीचीही गेली. हात आपसूक वळला, त्याला कोण काय करणार?

जादूगार जागे झाले. मंत्र सुटला. दोनशे गडी गुडघ्यापर्यंत फरशीत रुतले. बंड मोडलं.

धाकटा जादूगार खदखदला, "मुडद्यापायी राज्य घालवलंस की रे, खुळ्या! भाऊ तर उद्या जातोच आहे."

सटवोजीनं कमरेचा विडा काढला, हात लांबवून धरला.

"हरलो. हरलेल्यानं जिंकणाऱ्याला विडा द्यायचा. पण विडा एक, तुम्ही तिघं. मला धरलं कुणी?"

"मी," थोरला म्हणाला.

"तू? तू तर घोरत होतास!" मधला म्हणाला.

"मंत्र माझा, विडा माझा!" धाकटा ओरडला.

तिघं एकदम झेपावले. तिन्ही बुडं उठली.

दगड खोकला, त्याचा राजा झाला. जादूगारांचे तीन पाटे झाले; मुदपाकखान्यात वाटणाला बरे पडले. फरशीतून पाय सुटले.

राजानं विचारलं, "नाईक, दरबारात तलवार उपसलीस?"

"उपसली, महाराज. बंड फसलं."

"बरं झालं. रक्त नाही सांडलं. आता सीमेवर तहाचा सांडणीस्वार धाड."

आठव्या दिवशी मानाजी घरी आला. एका कानानं बहिरा, पण चालत आला.

झालं. पाखरं बोलत नाहीत म्हणून भर चावडीत मला थापाड्या ठरवलं होतं, त्याची माफी अजून यायची आहे. कुणाकडून, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे: गेनू कासार.