यादीतली सशांची ओळ

एका जंगलात धान्याचं कोठार होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं, सॉफ्टवेअर होतं. सातशे तुकड्यांचं. रोज सकाळी ते तुकडे जोडायचे; कुठला आधी, कुठला मागून, कुठला तपासायचा, हे सगळं एका यादीत लिहिलेलं. जुळलं की हिरवा दिवा लागायचा आणि कोठार उघडायचं. यादी सांभाळणारा मुंगूस म्हणजे मी. वीस वर्षं सांभाळली, वाचली मात्र एकदाही नाही.

यादी फुगून नऊशे ओळींची झाली होती. येईल तो मंत्री आपली ओळ घालायचा, आणि तो गेल्यावर ती काढायची कुणाची छाती व्हायची नाही. 'कोल्हेसाहेबांचा तुकडा आधी जोडा' अशी एक ओळ होती. कोल्हेसाहेब वारून अकरा वर्षं झाली होती.

निवडणूक आली तसे आमचे राजे गवासाहेब सभेत म्हणाले, "बंधू-भगिनींनो, स्वच्छ यादी, सुखी झाडी." टाळ्या पडल्या. यादी कशाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला थोडंफार ठाऊक होतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी लगेच स्वच्छता समिती नेमली. समितीने यादीत अकरा ओळी वाढवल्या. मग म्हटलं, बाबा रे, आपणच बसावं.

तिसऱ्या दिवशी सापडलं: 'सशांचा तुकडा तूर्त तपासू नका.' खाली सही माझीच, नऊ वर्षांपूर्वीची. त्या दिवशी सशांचा तुकडा बिघडून दिवा लाल झाला होता आणि मला मेव्हण्याच्या लग्नाला जायचं होतं. सशांचा दाणा सोडणारा तो तुकडा तेव्हापासून बिघडलेलाच होता; सशांना दाणा नव्हता आणि पडद्यावर 'धान्य पोचलं' दिसत होतं. गोदाक्का सशीण दर महिन्याला सहा पिल्लं घेऊन खिडकीशी यायची. मी म्हणायचो, "अक्का, मशीनमध्ये तर मिळालेलं दिसतंय."

"मग मशीनलाच विचार, खाल्लं कुणी ते," ती म्हणायची.

मला स्वतःची लाज वाटली. ओळ खोडली. दिवा लाल झाला आणि कोठार सगळ्यांनाच बंद झालं. तुकडा दुरुस्त करायला चार दिवस हवे होते, मतदान परवा होतं. गवासाहेबांनी बोलावून घेतलं.

"मुंगूसराव, हा लाल दिवा विरोधकांचा दिसतोय."

"सरकार, ससे उपाशी आहेत."

"त्यांची मतं किती?"

"दोनशे."

"आणि बाहेर रांगेत किती उभे आहेत?"

"अडीच हजार."

"मग लोकशाही मी तुम्हाला शिकवायची का?"

मी शेपूट घालून परत आलो. यादी आता चाळीस ओळींची आहे, दिवा हिरवा आहे, मला शाल-श्रीफळ मिळालं. सशांची ओळ पुन्हा लिहावी लागली. पण हुकूम स्वच्छतेचा होता, म्हणून तिच्यातला 'तूर्त' तेवढा मी काढून टाकला.