खांद्यावरचा हात

फार फार वर्षं झाली. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात तुळाजी नावाचा एक साळी होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर लुगडी विणायचा. पण विणता विणता त्याचा हात मधेच थांबायचा. त्याला एक घंटा ऐकू यायची. जरा घोगरी, गळा बसलेल्या माणसासारखी, आणि हळूहळू लांब जाणारी.

रस्त्यावर बैल नसायचा, गाडी नसायची. बायको विचारायची, "काय हो, काही वाजतंय का?" तो म्हणायचा, "नाही." आणि धोटा पुन्हा फेकायचा.

ती घंटा त्याने तरुणपणी ऐकली होती. पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो, ती कशी ऐकली ते सांगतो. गोष्ट सुखाची नाही. पण बसा.

तुळाजीचे दोन सोबती होते. एक हैबती तेली. तो सतत बोलायचा आणि सतत हसायचा. दुसरा गोंदा ओतारी. तो पितळेच्या घंटा ओतायचा आणि फारसं बोलायचा नाही.

गोंदाला आणि त्याच्या बायकोला, मंजुळेला, मूल नव्हतं. त्यांच्याकडे कवड्या होता. कवड्या म्हणजे बैल. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा मंजुळेने त्याला पितळी वाटीत दूध घालून बोटाने चाटवलं आणि जगवलं. वासरू मोठं झालं तेव्हा गोंदाने तीच वाटी वितळवली आणि तिची घंटा ओतून त्याच्या गळ्यात बांधली. ओतताना कुठेतरी हवा राहिली, म्हणून घंटा घोगरी वाजली. लोक म्हणाले, "दुसरी ओत." गोंदा म्हणाला, "असू दे. ओळखू तर येते."

आणि खरंच ओळखू यायची. गाडी खिंडीत आली की मंजुळा घरात ती घंटा ऐकायची, पाण्याचा तांब्या भरायची आणि दारातल्या दगडापाशी उभी राहायची. कवड्या आला की आधी त्याच्या खुरांवर पाणी, मग नवऱ्याची विचारपूस.

त्या गावात अवसेला माग बंद, घाणा बंद, भट्टी बंद. मग सगळे चिंचेखाली जमत आणि गंजिफा खेळत. लाखेने रंगवलेली गोल गोल पानं, आणि लावायला चिंचोके. त्या गावची एक सवय होती. खेळणाऱ्याच्या मागे कुणीतरी बसायचं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. एकट्याने खेळणं बरं दिसत नाही, एवढंच. गोंदाला पानं ओळखता येत नसत. तो नेहमी तुळाजीच्या मागे बसायचा आणि खांद्यावर हात ठेवून सावलीत डुलक्या घ्यायचा.

एका अवसेला हैबती म्हणाला, "किती दिवस चिंचोके जिंकायचे रे? माझ्या घरी पोतंभर झालेत. बायको म्हणते, आता यांचीच आमटी करते."

"मग काय लावायचं?" तुळाजीने विचारलं.

"घाटाखाली पलीकडच्या राज्यात खेळघर आहे. आत दालनामागून दालन. सरबत फुकट, विडा फुकट. माल दारात ठेवायचा, त्याच्या बदल्यात लाखेच्या लाल टिकल्या घ्यायच्या आणि खेळायचं. जाऊ या की तिघं! जन्माला आलो तर एकदा बघू या."

तुळाजीचे डोळे चमकले. गावात त्याच्यासारखं कुणी खेळत नसे, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

गोंदा म्हणाला, "तुम्ही जा. मला पानातलं काय कळतंय?"

"लेका, तुझी गाडी नको का आम्हाला?" हैबती म्हणाला. "तू नाही आलास तरी चालेल, कवड्याला पाठव."

सगळे हसले. तुळाजी म्हणाला, "गोंदा, तू नुसता माझ्या मागे बस. तुझा हात असला की मला पान बरं येतं."

असं कुणी म्हटल्यावर गोंदा कसला नाही म्हणतोय! तो निघाला. मंजुळेने भाकऱ्या बांधून दिल्या आणि तुळाजीला म्हणाली, "भावजी, यांना सांभाळा हो. हे सगळ्यांवर विश्वास ठेवतात."

"वहिनी, मी आहे ना," तुळाजी म्हणाला.

खेळघर खरोखरच मोठं होतं. हैबती तेलाची भांडी दारात टाकून, द्वारपालाचं न ऐकताच, सरबताच्या वासाने आधीच आत पळाला. गोंदा दारासमोरच्या वडाखाली बैल सोडून त्यांना वैरण टाकत होता. दारात तुळाजी एकटाच होता. त्याने आपली लुगडी ठेवली आणि टिकल्या घेतल्या. तेव्हा द्वारपाल म्हणाला, "पाव्हणं, इथली एक रीत आहे. दारात सांगतो, मागून तक्रार नको. खेळणाऱ्याच्या खांद्यावर ज्याचा हात, तो त्याला जामीन. खेळणारा हरला आणि टिकल्या संपल्या, तर जामीनदाराचं जे दारात असेल ते आमचं. कळलं?"

"कळलं," तुळाजी म्हणाला.

एवढ्यात गोंदा हात पुसत आला. "काय म्हणत होता रे तो?"

तुळाजीने क्षणभर विचार केला. सांगितलं तर हा मागे बसायचा नाही. आणि मी काय हरायला आलोय का? उगाच गरिबाच्या जिवाला घोर कशाला?

"काही नाही," तो म्हणाला. "जोडे बाहेर काढा म्हणत होता."

गोंदाने वाकून आपले जोडे काढले. मग तुळाजीचेही उचलले, आणि दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले.

आतल्या दालनांना एकही खिडकी नव्हती. भर दिवसा समया जळत होत्या. बाहेर ऊन आहे की सावली, काही समजत नव्हतं. तुळाजी बैठकीवर बसला. गोंदा मागे बसला आणि सवयीने खांद्यावर हात ठेवला. समोरच्या गड्याने तो हात पाहिला, आणि पानं पिसायला घेतली.

सुरुवातीला तुळाजी जिंकला. त्याच्यापुढे टिकल्यांचा ढीग झाला. हैबती मांडीवर थाप मारून ओरडला, "वा रे साळ्या! आता टिकल्यांचंच लुगडं विण!" त्याचं सगळं तेल तोवर हरून झालं होतं, पण तो हसत होता. "माझी भांडी रिकामी झाली. गाडीला तेवढंच ओझं कमी. चला आता घरी."

"थांब जरा," तुळाजी म्हणाला.

मग पानं फिरली. जिथे राजा हवा तिथे दुर्री येऊ लागली. ढीग खाली बसला, मग पसरला, मग विरळ झाला. चिंचेखाली तुळाजी हरला की हसायचा. इथे त्याला हसू येईना. या पुढच्या डावात सगळं परत येईल, असं त्याला वाटत होतं. प्रत्येक डावाच्या आधी वाटत होतं.

गोंदा हळूच म्हणाला, "तुळाजी, चल ना. कवड्याला पाणी दाखवायचं राहिलंय. तो दुसऱ्याच्या हातचं पीत नाही." आणि तो उठू लागला. हात खांद्यावरून सुटू लागला.

पोरांनो, इथे जरा थांबा. तो हात सुटला असता, तर ही गोष्ट झालीच नसती. तुळाजीच्या टिकल्या संपल्या असत्या, लुगडी गेली असती. तिघं मित्र एकमेकांना नावं ठेवत गाडीतून घरी गेले असते.

तुळाजीने आपला हात वर नेला आणि गोंदाचा हात खांद्यावर दाबून धरला.

"एवढा एक डाव," तो म्हणाला. "हात काढू नकोस."

गोंदा बसला. तो हात गरम होता, भट्टीच्या चटक्यांनी खरबरीत झालेला. तुळाजीने पान टाकलं. समोरच्याने त्यावर राजा टाकला.

खेळघराचा धनी आला. अगदी मऊ बोलणारा माणूस. "पाव्हणं, तुमच्या टिकल्या संपल्या. बाहेरची गाडी आणि बैलजोडी आता आमची. हे जामीन होते."

"कोण जामीन?" गोंदाने विचारलं.

"तुमचा हात होता ना खांद्यावर? इथली रीत आहे. दारात सांगतात."

"मी दारात नव्हतो. मी बैल सोडत होतो." गोंदा तुळाजीकडे वळला. "तुलाही नाही ना सांगितलं कुणी?"

तुळाजीने मान हलवली. नाही.

"अहो, मग आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं!" गोंदा धन्याला म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला. "गाडी घ्या. दुसरा बैलही घ्या. तो कवड्या तेवढा... तो बैल नाही हो. त्याला आम्ही बोटाने दूध पाजलंय."

"रीत ती रीत," धनी म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. त्याला तसं म्हणायची सवय होती.

बाहेर मिठाच्या व्यापाऱ्यांचा तांडा निघायच्या बेतात होता. धन्याने जोडी तिथल्या तिथे त्यांना विकून टाकली. तांडा कुठल्या मुलखात जाणार, ते तांडेवाल्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. जिथे मीठ खपेल तिथे.

कवड्या हलेना. नवा माणूस वेसण ओढत होता, चाबूक दाखवत होता, पण कवड्या गोंदाकडे बघत उभा. शेवटी तो माणूस म्हणाला, "तूच चार पावलं चालव रे बाबा, नाहीतर मार खाईल."

मग गोंदाने स्वतः कासरा धरला आणि आपल्या कवड्याला तांड्यापर्यंत नेलं. त्याच्या मानेखाली खाजवलं. कानात काहीतरी सांगितलं. घंटा सोडायला हात घातला, तर तो माणूस म्हणाला, "बैलाच्या अंगावरचं बैलाबरोबर." गोंदाने हात मागे घेतला.

तांडा निघाला. ती घोगरी घंटा वाजत वाजत वळणापलीकडे गेली. मग वळणापलीकडूनही ऐकू येत राहिली. तुळाजीने कानावर हात ठेवले नाहीत. ठेवले असते तरी उपयोग नव्हता.

तिघं पायी परत निघाले. घाट चढताना हैबतीलाच गप्प बसवेना. "गोंद्या, तुझ्या हाताला गप्प बसता येत नाही का रे? हे काय चिंचेचं झाड होतं?" मग आपल्याच बोलण्याची त्याला लाज वाटली, आणि तो पुढे चालू लागला.

झऱ्यापाशी गोंदाने भाकरी सोडली. एक हैबतीला नेऊन दिली. उरलेली मोडली आणि मोठा तुकडा तुळाजीपुढे धरला.

"खा," तो म्हणाला. "तोंड असं पाडू नकोस. तुझी लुगडी गेली, वर्षाची मेहनत गेली. आणि माझ्यामुळे तुला अपराध्यासारखं वाटतंय. माझीच चूक रे. परक्या ठिकाणी विचारून हात ठेवायला हवा होता."

तेव्हा तरी बोलायचं. तुळाजीचे ओठ हललेही. पण त्याने तोंडात भाकरी घातली.



ते खिंडीत आले. घंटा वाजली नाही, म्हणून गावात कुणाला कळलं नाही. मंजुळा दारात शेणाने सारवत होती. नवरा समोर उभा बघून दचकली. "अगं बाई! आवाज नाही कसा आला?" ती आत धावली, तांब्या भरून बाहेर आली आणि दगडापाशी उभी राहिली. खिंडीकडे बघत म्हणाली, "कवड्या मागे राहिला का? लंगडतोय का?"

हैबती खाली बघत आपल्या घराकडे वळला.

"अहो, कवड्या कुठंय?"

गोंदाने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. मंजुळा रडली नाही. तिने तुळाजीकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही होता ना?"

"त्याला बोलू नकोस," गोंदा म्हणाला. "त्याला काय ठाऊक? त्याचंही सगळं गेलं. हात मी ठेवला होता." आणि मित्राला धीर द्यावा म्हणून त्याने तोच हात पुन्हा तुळाजीच्या खांद्यावर ठेवला.

तो हात तुळाजीला सोसवेना. इतका वेळ दाबून धरलेलं बाहेर पडलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "द्वारपालाने सांगितलं होतं. तुला जोड्यांचं खोटंच सांगितलं. तू उठत होतास, तेव्हा तुझा हात मी मुद्दाम दाबून धरला. गोंदा, मला मार. शिव्या दे. काहीतरी बोल."

गोंदाने हात काढला. तो हात उलटसुलट करून पाहिला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग त्याने मंजुळेच्या हातातला तांब्या घेतला आणि कवड्याचे खूर धुवायच्या जागी, त्या कोरड्या दगडावर, सगळं पाणी सावकाश ओतलं. तांब्या खाली ठेवला. आणि आत निघून गेला.

मित्र खांद्यावर हात ठेवतो तो आपल्याला आधार द्यायला. तो हात जो पणाला लावतो, त्याने डाव जिंकला तरी तो हरलेलाच असतो.